नाशिक रोडहून नेपाळ आणि भूतान: जमिनीवरून, आपल्या चालीने

लोकमान्य टिळक टर्मिनसहून निघणारी पवन एक्सप्रेस नाशिक रोडला थांबते आणि सुमारे दीड दिवसाने बिहारमधल्या जयनगरला पोहोचते. जयनगर हे नेपाळच्या सीमेवरचे शेवटचे स्थानक असून तेथून २०२२ च्या एप्रिलपासून जनकपूरकडे नेपाळची रेल्वे पुन्हा धावू लागली आहे. म्हणजे पंचवटीत राहणाऱ्या माणसाला सीतेच्या माहेरी जाण्यासाठी विमानाची गरज नाही. पुढे पूर्व नेपाळ ओलांडून पश्चिम बंगालमधले सिलिगुडी आणि तेथून भूतान, असा महिन्याभराचा प्रवास संपूर्ण जमिनीवरून होऊ शकतो. तो कसा आखावा, आणि मुख्य म्हणजे त्यातले काय आखू नये, हे येथे लिहितो.

मोकळ्या प्रवासाला दोन खुंट्या लागतात: निघण्याचे तिकीट आणि परतीचे तिकीट. रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते, त्यामुळे निघण्याचे तिकीट आधी काढावे, परतीचे मात्र त्या तारखेसाठी आरक्षण उघडेल तेव्हा, म्हणजे निघण्याच्या साधारण महिनाभर आधी, मोबाइलवर काढावे. या दोन खुंट्यांमधली दोरी मुद्दाम सैल ठेवावी. मधल्या प्रत्येक रात्रीचे हॉटेल घरबसल्या ठरवून टाकले, की एक बस चुकली तरी पुढच्या सगळ्या तारखा कोसळतात, आणि मग माणूस प्रवास न करता नुसता वेळापत्रकाच्या मागे धावत राहतो.

कागदपत्रांत मात्र सैलपणा चालत नाही. दोन्ही देशांसाठी भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र मूळ स्वरूपात जवळ हवे. आधार कार्डाच्या भरवशावर निघू नये. भूतानला पासपोर्टवर जायचे असेल तर त्याची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी, आणि मुले बरोबर असतील तर त्यांचे जन्म प्रमाणपत्रही घ्यावे. आमच्या घरातल्या एका ओळखपत्रावर आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग चुकलेले होते. निघण्याच्या आठवड्यात ते लक्षात आले आणि सहल पुढे ढकलावी लागली, म्हणून ही तपासणी तीन महिने आधी करावी असे मी आग्रहाने सांगतो.

देशांचा क्रम हा या आखणीतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे, आणि माझ्या मते नेपाळ आधी व भूतान नंतर हाच क्रम योग्य आहे. नेपाळमध्ये भारतीयाला दिवसांवर आकारले जाणारे शुल्क नाही. एखादे गाव आवडले आणि तेथे तीन दिवस अधिक राहिले, तर खर्च फक्त खोलीचा आणि जेवणाचा वाढतो. भूतानमध्ये मात्र प्रौढ भारतीय पर्यटकाला दर रात्री १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क द्यावे लागते, म्हणजे दोघांच्या पाच रात्रींचे १२,००० रुपये खोलीभाड्याव्यतिरिक्त होतात. त्यामुळे रेंगाळायचे ते नेपाळमध्ये आणि मोजून राहायचे ते भूतानमध्ये. भूतानच्या परवान्यासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो, किंवा फुंटशोलिंग या सीमेवरच्या गावातही तो मिळतो. तेथे परवाना काढायचा असल्यास कामाच्या दिवशी सकाळी पोहोचावे.

शरीराच्या दृष्टीनेही हाच क्रम बरा. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे, काठमांडू १,४०० मीटरवर, थिंपू २,३०० मीटरच्या आसपास, आणि भूतानमधल्या पारोजवळच्या ताक्त्सांग मठाची चढण ३,१०० मीटरपर्यंत नेते. आधी नेपाळच्या डोंगरांत फिरून पाय सरावलेल्या माणसाला ती चढण तितकी जड जात नाही.

जनकपूरला किमान दोन रात्री द्याव्यात. टीकमगढच्या राणीने १९१० च्या सुमारास बांधवलेले जानकी मंदिर, ज्याला तेथे नौलखा मंदिर म्हणतात, ते दिवे लागल्यावर पाहण्यासारखे आहे. पैशांची सवयही येथेच करून घ्यावी. टपरीवर चहाचे चाळीस रुपये सांगितले, तेव्हा मी चाळीस काढून दिले आणि चहावाल्याने विचारले, ‘आयसी की नेपाली?’ आयसी म्हणजे भारतीय चलन. भारताचे १०० रुपये म्हणजे नेपाळचे १६०, हा दर ठरलेला आहे, म्हणून त्या चहाचे आपले पंचवीसच झाले होते, आणि त्याने पंधरा रुपये परत माझ्या हातावर ठेवले. तेव्हापासून दर विचारताना चलनही विचारायचे, हे मी अंगवळणी पाडले. जवळ शंभरच्या व त्याहून लहान नोटा भरपूर ठेवाव्यात. भूतानचा न्गुल्ट्रम रुपयाच्या बरोबरीचा असल्यामुळे तेथे हा हिशेब करावा लागत नाही.

अंतराचा आपला अंदाज येथे उपयोगी पडत नाही. काठमांडू ते पोखरा हे अंतर जवळजवळ नाशिक-पुण्याइतकेच, दोनशे किलोमीटरचे, पण बसला सात-आठ तास सहज लागतात आणि दरड कोसळली तर रात्रही रस्त्यावर काढावी लागते. सप्टेंबर २०२४ च्या अतिवृष्टीत बर्दिबास-धुलिखेल हा तराईतून काठमांडूकडे जाणारा महामार्ग अनेक ठिकाणी वाहून गेला होता. म्हणून जून ते सप्टेंबर हा काळ टाळावा, डोंगरात रात्रीची बस घेऊ नये, आणि सलग दोन दिवस प्रवासाचे ठेवू नयेत. दसैंच्या, म्हणजे नेपाळच्या दसऱ्याच्या, दिवसांत सारा देश गावी निघालेला असतो आणि बसमध्ये जागा मिळत नाही, तेव्हा त्या काळात एकाच गावी मुक्काम ठोकून सण पाहावा. एरवी दसैंनंतरचे ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा मार्च-एप्रिल हे महिने उत्तम.

नेपाळमधून बाहेर पडण्यासाठी पूर्वेचे काकडभिट्टा गाठावे. मेची नदीवरचा पूल ओलांडला की भारतातले पाणीटंकी, आणि तेथून तासाभरात सिलिगुडी. आपले सिमकार्ड पुन्हा चालू लागते, एटीएम असते, कपडे धुऊन मिळतात. तेव्हा दोन सीमांच्या मध्ये येथे दोन रात्री विसावावे आणि भूतानच्या रात्री किती, हे शिल्लक पैसे व पाय पाहून ठरवावे. सिलिगुडीहून चहाच्या मळ्यांमधून चार-पाच तासांत भारताच्या हद्दीतले जयगाव येते, आणि सीमेवरच्या कमानीपलीकडे फुंटशोलिंग.

परतीचे तिकीट सिलिगुडीजवळच्या न्यू जलपाईगुडी स्थानकाहून घ्यावे. भूतानमधून बाहेर पडण्याचा दिवस आणि गाडीचा दिवस यांत दोन मोकळ्या रात्री असाव्यात, कारण थिंपू ते फुंटशोलिंग हा घाटरस्ताही पावसात बंद पडतो. रस्ता चालू राहिला, तर त्या दोन रात्री दार्जिलिंगला द्याव्यात.