बालदिव्यांगत्व आणि आनुवंशिकी: उन्हाळी संशोधनाची संधी कशी मिळवावी

पुण्यातील पदवीच्या विद्यार्थ्याने दिवाळीनंतरच तयारीला लागावे, कारण देशातील तीन राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या संयुक्त उन्हाळी फेलोशिपचे अर्ज साधारणतः हिवाळ्यातच मागवले जातात. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) स्वतंत्र योजना आहे. मार्गदर्शकांना लिहिताना केवळ ‘आनुवंशिकीत रस आहे’ असे कळवू नये (अशी पत्रे ढिगाने येतात). त्यांचा एखादा शोधनिबंध वाचून, उदाहरणार्थ मुलांचे स्नायू हळूहळू दुर्बल करणाऱ्या ड्यूशेन या आनुवंशिक स्नायुविकारातील डिस्ट्रॉफिन जनुकाच्या तपासणीविषयी, नेमका प्रश्न विचारावा. प्रत्यक्ष काम बहुधा रुग्णांच्या नोंदी तपासण्याचे आणि पालकांकडून कुटुंबातील आजारांची माहिती घेण्याचे असते. तेथे प्रयोगशाळेतील कौशल्याइतकेच साध्या मराठीत धीराने बोलता येणे मोलाचे ठरते. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांच्या संमतीबरोबर सात वर्षांवरील मुलाची स्वतःची अनुमतीही घ्यावी लागते.