चंगळवादाविरुद्ध काम करायचंय? नवीन येणाऱ्यांसाठी माझा अनुभव

गेली अकरा वर्षं मी हे काम करतेय, त्यातली पहिली दोन व्हॉलंटियर म्हणून आणि नंतरची पगारावर. दर महिन्याला कोणीतरी विचारतंच की यात करिअर होतं का, काय शिकावं लागतं, घरी काय सांगायचं. प्रत्येकाला तुकड्यातुकड्यात सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून टाकते, लांबेल थोडं.

सुरुवात माझ्या चुकीपासून करते कारण नवीन येणारा जवळपास प्रत्येक जण तीच करतो. पहिल्या वर्षी एका मोठ्या सेलच्या दिवशी आम्ही सातआठ जण शॉपिंग सेंटरच्या दारात बोर्ड घेऊन उभे होतो, माझ्या बोर्डवर लिहिलेलं "तुम्हाला हे खरंच हवंय का?". एक बाई बाहेर आल्या, हातात एकच पिशवी, सोबत लहान मुलगा. त्यांनी बोर्ड वाचला, थांबल्या आणि पिशवीतून मुलाचे नवे बूट काढून मला दाखवले. म्हणाल्या, जुन्याचा सोल सुटला, चार महिनेही झाले नव्हते, दुरुस्तीवाला म्हणतो हे नुसते चिकटवलेले असतात, शिवायला आत धरच नाही, मग मी काय करायला हवं होतं? आवाजात राग नव्हता, त्यांना खरंच उत्तर हवं होतं. आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री झोप लागली नाही, कारण मी त्या बाईंना जाब विचारत होते आणि बूट तसा बनवणारा माणूस माझ्या बोर्डवर कुठेच नव्हता.

तेव्हापासून मला आपला 'चंगळवाद' हा शब्दच खटकतो. सगळे वापरतात, मीही वापरते, दुसरा सुटसुटीत शब्द नाही. पण त्यात चंगळ कोणाची? शब्द ऐकला की डोळ्यापुढे उधळपट्टी करणारा ग्राहक येतो, म्हणजे दोष आपोआप घेणाऱ्याच्या गळ्यात. त्या बाई चंगळ करत नव्हत्या, एकच वस्तू त्यांना वर्षात तीनदा घ्यावी लागत होती. यात यायचं असेल तर हा फरक आधी डोक्यात पक्का करा. आपलं काम लोकांना "घेऊ नका" सांगायचं नाहीये, घेण्याशिवाय दुसरा रस्ता कोणी आणि कसा बंद केला ते शोधून तो उघडायला लावायचं आहे.

आणि हे बंद करणं काही आपोआप झालेलं नाही, याचा इतिहास वाचा, फार उपयोगी पडतो. 1924 मध्ये जिनिव्हात बल्ब बनवणाऱ्या बड्या कंपन्यांनी एकत्र येऊन फीबस नावाचा कार्टेल, म्हणजे बाजार आपसात वाटून घेणारा गट, केला आणि बल्बचं आयुष्य 1000 तासांवर आणायचं ठरवलं, त्याआधी 1500 ते 2000 तास चालणारे बल्ब मिळत होते. ज्या कंपनीचा बल्ब ठरल्यापेक्षा जास्त टिकेल तिला दंड! पुढे 1953 मध्ये अमेरिकेत पेयं आणि पॅकेजिंगवाल्या कंपन्यांनी मिळून 'कीप अमेरिका ब्यूटिफुल' ही संस्था काढली, तिचा सगळा भर कचरा टाकणाऱ्या माणसावर, तीच बाटली परत घेऊन पुन्हा भरायची पद्धत मोडीत काढणाऱ्यांवर नाही. 2004 च्या सुमारास बीपी या तेल कंपनीने ज्याने त्याने आपला कार्बन फूटप्रिंट, म्हणजे आपल्या वागण्यातून किती कार्बन हवेत जातो ते, मोजायचा कॅल्क्युलेटर लोकांपुढे ठेवला, आणि आज तो शब्द शाळेतल्या मुलांच्याही तोंडात आहे. तिन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा, बोट कोणाकडे वळवलंय ते दिसेल.

पण इथे एक सावधगिरी. बल्बची गोष्ट मी सुरुवातीला प्रत्येक भाषणात सांगायचे, टाळ्या मिळायच्या. एकदा श्रोत्यांतले एक इंजिनिअर उठले आणि शांतपणे म्हणाले, जास्त टिकणारा तारेचा बल्ब त्याच विजेवर कमी उजेड देतो हे माहीत आहे ना तुम्हाला? मला माहीत नव्हतं. त्यांचं बरोबर होतं, तार जास्त तापवली की उजेड चांगला मिळतो आणि आयुष्य कमी होतं, म्हणजे 1000 तासांच्या बाजूने थोडं तांत्रिक कारणही होतं. दंड आणि बाजार वाटून घेणं त्याने धुऊन निघत नाही, पण मी अर्धीच गोष्ट सांगत होते आणि सभागृहातल्या शंभर जणांचा माझ्यावरचा विश्वास त्या एका मिनिटात गेला. तेव्हापासून नियम केलाय, समोरच्याचा सगळ्यात तगडा मुद्दा मला त्याच्याइतकाच नीट मांडता येत नसेल तर त्या विषयावर तोंड उघडायचं नाही. नवीन लोकांना मी पहिला होमवर्क हाच देते.

आता रोजचं काम. बाहेरून वाटतं मोर्चे, घोषणा, पोस्टर्स. वर्षातले असे दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकी सगळा वेळ वाचन, फोन, एक्सेल शीट, पत्रं, पुन्हा फोन. कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचायचे, त्यातही पुढची हिरवीगार चित्रं असलेली पानं नाही तर मागच्या तळटीपा. जाहिरातीत "इको फ्रेंडली" लिहिलंय तर पुरावा मागायचा, नाही दिला तर जाहिरात नियामकाकडे तक्रार. कायद्याचा मसुदा हरकतींसाठी खुला झाला की मुदतीच्या आत कलमवार म्हणणं पाठवायचं, हे कंटाळवाणं काम सगळ्यात जास्त परिणाम करतं असं माझं मत आहे, आणि नेमकं तेच करायला माणसं मिळत नाहीत.

माझं सगळ्यात आवडतं काम मात्र दुरुस्तीच्या टेबलावरचं. मार्टीन पोस्टमा नावाच्या एका पत्रकार बाईंनी 2009 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला पहिला रिपेअर कॅफे भरवला, लोकांनी बिघडलेली वस्तू आणायची आणि जाणकारांच्या शेजारी बसून स्वतः दुरुस्त करायची, आता जगभर हजारो ठिकाणी असे कॅफे भरतात. आम्हीही महिन्यातून एकदा भरवतो. एकदा एक निवृत्त काका इंकजेट प्रिंटर घेऊन आले. छपाई उत्तम, आदल्या दिवसापर्यंत चालू, आणि अचानक स्क्रीनवर मेसेज की आयुष्य संपलं, सर्व्हिस सेंटरला संपर्क करा. आमच्यातल्या एका मुलाने मागचं झाकण काढलं, तळाशी एक जाड फेल्टचा पॅड निघाला, काळानिळा, शाईने जड झालेला. प्रिंटर स्वतःचं हेड साफ करताना थोडी शाई सोडतो, ती या पॅडमध्ये मुरते, आणि आत एक काउंटर अंदाजाने मोजत बसलेला असतो, आकडा भरला की मशीन बंद. त्या दिवशी पॅड बोटाने दाबून बघितला तर कडेचा भाग अजून कोरडा होता. पॅड बदलायला वीस मिनिटं, पण काउंटर शून्यावर आणायचं सॉफ्टवेअर कंपनी बाहेर कोणाला देत नव्हती. काका म्हणाले, म्हणजे हा बिघडलेलाच नाहीये? नाही काका, नाही बिघडलेला. त्यांनी तो पुन्हा चादरीत गुंडाळला आणि कितीतरी वेळ मांडीवर घेऊन बसून राहिले.

हे सगळं आम्ही वहीत लिहितो, वस्तू कुठली, वय किती, काय गेलं, दुरुस्त झाली का, नसेल तर का नाही. दोन वर्षांत अशा नोंदी साठल्या की त्या हातात घेऊन अधिकाऱ्यांसमोर बसता येतं. भावना मांडल्या की समोरचा सहानुभूती दाखवून चहा पाजून पाठवतो, नोंदवही ठेवली की त्याला उत्तर द्यावं लागतं. जुन्या लोकांनीही हेच केलंय. 24 एप्रिल 2013 ला बांगलादेशात राणा प्लाझा ही कपड्यांचे कारखाने असलेली इमारत कोसळली, 1,100 हून जास्त कामगार गेले, तेव्हा कपडे कोणत्या ब्रँडसाठी शिवले जात होते हे सिद्ध करायला कार्यकर्त्यांनी ढिगाऱ्यातून कपड्यांची लेबलं गोळा केली. ती लेबलं होती म्हणून ब्रँडना सहज नाही म्हणता आलं नाही. विचार करा, कुठल्या परिस्थितीत हाताने ते काम केलं असेल त्या माणसांनी. मला आजही तो प्रसंग आठवला की आपली एक्सेल शीट नीट भरावीशी वाटते.

शिक्षणाचं विचाराल तर या कामाची अशी एकच डिग्री नाही. आमच्या टीममध्ये एक वकील आहे, एक मेकॅनिकल इंजिनिअर, एक अकाउंटंट आणि मी भाषा शिकलेली. पर्यावरणशास्त्र केलं असेल तर चांगलंच, पण फक्त तेच करून आलेल्यांना ताळेबंद वाचता येत नाही आणि इथे ताळेबंद वाचता येणं फार लागतं. अजून शिकत असाल तर लाइफ सायकल असेसमेंट म्हणजे काय ते समजून घ्या, कच्च्या मालापासून कचऱ्यापर्यंत वस्तूचा हिशोब मांडायची ती पद्धत आहे, आणि ते कळलं की "कापडी पिशवी नेहमीच चांगली" असली सरसकट वाक्यं तुम्ही लिहिणार नाही, कारण ती पिशवी किती वेळा वापरली यावर सगळं अवलंबून आहे. पदं साधारण अशी असतात, रिसर्चर, कॅम्पेनर, पॉलिसीवाले, कम्युनिकेशनवाले आणि लोकांमध्ये काम करणारे ऑर्गनायझर. छोट्या संस्थेत एकच माणूस सगळं करतो, सुरुवातीला तिथेच जा, मोठ्या संस्थेत पहिली दोन वर्षं फक्त मीटिंगच्या नोंदी लिहिण्यात जातात.

पैसा कमी आहे, गोड बोलून काही फायदा नाही. बहुतेक नोकऱ्या ग्रँटवर, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी मिळालेल्या निधीवर, चालतात, एक, दोन, फार तर तीन वर्षांचा करार, ग्रँट संपली की पुन्हा शोधाशोध. माझा पगार दोनदा मधेच थांबलाय आणि एकदा घरभाडं बहिणीने भरलंय. म्हणून निदान सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवून या, किंवा पहिली काही वर्षं दुसरी नोकरी करत शनिवार रविवार हे करा, त्यात कमीपणा काही नाही. इंटरव्ह्यूला गेलात की तुम्हीही विचारा, संस्थेला पैसा कोण देतं? ज्यांच्यावर कॅम्पेन करायचं त्यांच्याच पैशावर संस्था चालत असेल तर कधी ना कधी एखादा अहवाल कपाटात जातो. माझा एक गेलाय. आठ महिन्यांचं काम होतं, मी ती नोकरी सोडली.

कायद्याचं थोडं. कंपनीचं नाव घेऊन लिहिणार असाल तर प्रत्येक वाक्यामागे कागद हवा. लंडनमध्ये एका पत्रकावरून मॅकडोनल्ड्सने 1990 मध्ये हेलन स्टील आणि डेव्ह मॉरिस या दोघा कार्यकर्त्यांवर बदनामीचा दावा लावला, वकील परवडत नव्हता म्हणून दोघं बहुतांशी स्वतःच लढले, 1997 च्या निकालात त्यांचे काही आरोप खरे ठरले आणि काही ठरले नाहीत. 2005 मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने म्हटलं की कायदेशीर मदत न मिळाल्यामुळे त्यांना न्याय्य सुनावणी मिळाली नाही. पंधरा वर्षं! दोघांबद्दल मला मनापासून आदर आहे, पण तुमच्या आयुष्यातली पंधरा वर्षं तशी जायला नकोत, छापण्याआधी वकिलाला दाखवा.

आणखी एक त्रास होणारच त्याची तयारी ठेवा, लोक तुमच्या खिशातला फोन बघतील. नातेवाईक तर हमखास, "तू बोलतेस आणि फोन मात्र वापरतेस." पहिली काही वर्षं मी याला उत्तर देण्यासाठी स्वतःला पिळत राहिले, लग्नकार्यात जाणं सोडलं, मैत्रिणींच्या खरेदीवर बोलायचे, दोन चांगल्या मैत्रिणी त्यात तुटल्या आणि त्यांची चूक नव्हती. आता सरळ सांगते, हो वापरते, सहा वर्षं झाली, बॅटरी एकदा बदललीये आणि ती सहज बदलता यावी म्हणूनच भांडतेय.

निकाल लागायला किती वेळ लागतो? एकाच प्रकारच्या चार्जरची बोलणी युरोपात 2009 मध्ये सुरू झाली, आधी कंपन्यांनी स्वेच्छेने करायचं ठरलं, मग कायदा 2022 मध्ये झाला आणि फोनसाठी तो लागू झाला 28 डिसेंबर 2024 ला. फ्रान्सने मुद्दाम वस्तूचं आयुष्य कमी करणं हा 2015 मध्ये गुन्हा ठरवला, 2021 मध्ये तिथे फोन, लॅपटॉप, वॉशिंग मशीन अशा काही वस्तूंवर दुरुस्ती किती सोपी याचे दहापैकी गुण लिहिणं सक्तीचं झालं. साओ पाउलोसारख्या अवाढव्य शहराने 2007 पासून रस्त्यावरचे जाहिरातींचे होर्डिंग काढून टाकले. होतं, पण दशकाच्या हिशोबाने होतं. थकवा येतो, मी चौथ्या वर्षी तीन महिने पूर्ण थांबले होते, थांबायची वेळ आली तर थांबा आणि टीमला सांगून थांबा.

सुरुवात करायची असेल तर घरातली बंद पडलेली एक वस्तू घ्या, एकच. ती उघडा, नाही उघडली तर का नाही उघडली ते लिहा, स्क्रू कोणता, सुटा भाग मिळतो का, कंपनीला पत्र पाठवा, उत्तराची तारीख लिहून ठेवा. तीन महिन्यांत दहा पानं होतील. नोकरी मागायला याल तेव्हा ती दहा पानं आणा, मी सर्टिफिकेटच्या आधी ती वाचेन.

प्रिंटरचं काय झालं हे बरेच जण विचारतात. आम्ही त्या एका पॅडवर कंपनीला सव्वादोन वर्षं पत्रं लिहिली, एकोणीस पत्रं, सोबत बाकीच्या सोळा जणांच्या तशाच नोंदी. शेवटी त्यांनी पॅड आणि रिसेटचं सॉफ्टवेअर ग्राहकांना द्यायला सुरुवात केली, काही मॉडेल्सपुरतं. मी यादी उघडून आधी काकांचं मॉडेल शोधलं, ते त्यात नव्हतं. विसावं पत्र त्याच संध्याकाळी लिहिलं, काकांनी वाचून खाली सही केली.