कर्नल अपडेटनंतर डेस्कटॉप उघडत नाही? या चुका टाळा

लिनक्सच्या कर्नलचं (म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याचं) अपडेट झालं, मशीन रीस्टार्ट केलं आणि लॉगिन स्क्रीनऐवजी समोर नुसता काळा पडदा. अशा वेळी बरेच जण थेट पेनड्राइव्ह शोधतात आणि लिनक्स पुन्हा इन्स्टॉल करायला बसतात. सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. कर्नल अपडेट तुमच्या होम फोल्डरला हात लावत नाही, फाइल्स जागच्या जागी असतात. शिवाय उबुंटू, डेबियन आणि फेडोरावर आधीचा कर्नलही सहसा डिस्कवर शिल्लक असतो.

तेव्हा आधी तो जुना कर्नल सुरू करून बघा. मशीन चालू होताना शिफ्ट (मशीन नव्या यूईएफआय पद्धतीचं असेल तर एस्केप) दाबलं की ग्रबचा, म्हणजे कोणता कर्नल सुरू करायचा ते निवडायचा मेनू येतो. एस्केप एकदाच दाबा. सारखं दाबत राहिलात तर ग्रबच्या कमांड लाइनवर जाऊन पडाल, मग तिथे 'रीबूट' लिहून पुन्हा सुरुवात. उबुंटूत जुने कर्नल 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये असतात, फेडोरात पहिल्याच यादीत दिसतात. जुन्या कर्नलवर डेस्कटॉप नीट आला, तर संशय नव्या कर्नलवर किंवा त्याच्या ड्रायव्हरवर. तिथेही काळोखच असेल, तर कर्नलच्या मागे लागू नका. त्याच अपडेटमध्ये ग्राफिक्सची किंवा लॉगिन स्क्रीनची पॅकेजेसही बदललेली असू शकतात.

दुसरी चूक म्हणजे मशीन हँग झालं असं समजून पॉवर बटण दाबून धरणं. आधी कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबा. अक्षरी लॉगिन आलं, तर कर्नल व्यवस्थित सुरू झालाय आणि फक्त ग्राफिक्स अडलंय. म्हणजे निम्मं निदान तिथेच झालं.

एनव्हिडियाचं कार्ड असेल, तर गडबड बहुधा इथेच सापडते. त्याचं मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा ड्रायव्हर) प्रत्येक कर्नलसाठी वेगळं लागतं, आणि डीकेएमएस (मॉड्यूल आपोआप तयार करणारं साधन) वापरत असाल तर ते तुमच्याच मशीनवर तयार होतं. त्यासाठी त्या कर्नलची हेडर्स (मॉड्यूल बनवायला लागणाऱ्या फाइल्स) हवीत. ती नसली की मॉड्यूल तयार होत नाही, आणि अपडेटच्या लांबलचक मजकुरात ती एक ओळ कोणी वाचत नाही. 'डीकेएमएस स्टेटस' चालवा आणि नव्या कर्नलच्या आकड्यापुढे 'इन्स्टॉल्ड' आहे का ते पाहा. नसेल तर हेडर्स टाकून मॉड्यूल तयार करा. इथे एक खोच आहे: कोणता कर्नल ते सांगितलं नाही, तर 'डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल' सध्या चालू असलेल्या कर्नलसाठीच काम करतं. तुम्ही जुन्या कर्नलवर बसून ते चालवलंत, तर सगळं यशस्वी झाल्यासारखं दिसेल आणि नवा कर्नल तसाच राहील. म्हणून '-के' देऊन पुढे नव्या कर्नलचा पूर्ण आकडा लिहा. फेडोरात हेच काम एकेमॉड्स पार्श्वभूमीवर करतं, त्याला काही मिनिटं लागतात. अपडेट संपल्या संपल्या रीस्टार्टची घाई नको.

मॉड्यूल तयार असूनही लोड होत नसेल, तर सिक्युअर बूट (सुरू होताना सॉफ्टवेअरची सही तपासणारी सुरक्षा) तपासा. सही नसलेलं, किंवा ज्या कीने (डिजिटल किल्लीने) सही केली ती मशीनमध्ये नोंदलेली नसलेलं मॉड्यूल कर्नल नाकारतो. की नोंदवण्याची मागणी केलेली असेल, तर पुढच्या बूटला त्यासाठी एक निळा पडदा येतो, पण तो काहीतरी बिघाड समजून लोक पुढे जातात. सिक्युअर बूट बंद करूनही काम भागतं, पण की नोंदवणं हाच नीट उपाय, असं माझं मत.

'नोमोडसेट' (ग्राफिक्स ड्रायव्हरला बाजूला ठेवून साध्या पडद्यावर सुरू करणारा) हा पर्याय सगळीकडे सुचवला जातो. ग्रबमध्ये 'ई' दाबून 'लिनक्स' ओळीच्या शेवटी तेवढ्यापुरता लिहा, एफ१० दाबा, काम करून घ्या. कायमचा टाकलात तर इंटेल-एएमडीवर ग्राफिक्सचा वेग जातो आणि मूळ दोष झाकला जातो.

पडद्यावर 'कर्नल पॅनिक' आणि रूट फाइल सिस्टीम माउंट होत नसल्याचा संदेश असेल, तर गोष्ट वेगळी. बूटचं पार्टिशन भरल्यामुळे इनिट्रॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी फाइल) अर्धवट राहिलेलं किंवा तयारच झालेलं नसण्याची शक्यता मोठी. जुन्या कर्नलवर जाऊन 'डीएफ -एच'ने जागा बघा. बूट फोल्डरमधल्या फाइल्स हाताने उडवू नका, पॅकेज मॅनेजरला मग ताळमेळ लागत नाही. 'युनेम -आर'ने चालू कर्नल पाहून घ्या, उबुंटू-डेबियनवर 'एपीटी ऑटोरिमूव्ह'ने जुने काढा, मग 'अपडेट-इनिट्रॅमएफएस' आणि 'अपडेट-ग्रब'.

पासवर्ड टाकल्यावर फिरून लॉगिन स्क्रीनच येत असेल, तर आधी डिस्क भरली नाही ना ते बघा. कर्नलचा संबंध बऱ्याचदा नसतोच.

आर्च लिनक्सवाल्यांना जुना कर्नल आपोआप मिळत नाही, म्हणून एलटीएस (दीर्घकाळ जपला जाणारा) कर्नल सोबत ठेवलेला बरा. बूट पार्टिशन माउंट नसताना अपडेट केलं, तर जुनाच कर्नल सुरू होतो आणि त्याची मॉड्यूल्स मात्र गायब असतात.

जुन्या कर्नलवर आलात की काही बदलण्याआधी 'जर्नलसीटीएल -बी -१' चालवून फसलेल्या बूटची नोंद फाइलमध्ये साठवा. दोन-चार वेळा रीस्टार्ट केलं असेल तर तो आकडा त्यानुसार बदला. आणि दुरुस्ती होईपर्यंत 'एपीटी-मार्क होल्ड'ने कर्नल अडवून ठेवला असेल, तर नंतर तो आठवणीने सोडवा, नाहीतर सुरक्षेचे अपडेटही तिथेच अडकून राहतील.