मेंढरं विकताना या चुका टाळा: व्यापाऱ्याला कळप वेचू देऊ नका

मे संपत आला की मला दर वर्षी तेच फोन येतात. पेरणी तोंडावर आलेली असते, पोरांच्या शाळेचा खर्च असतो, हातात पैसा नसतो आणि व्यापारी दारात उभा असतो. "वीस नग मागतोय, देऊ का?" बहुतेक वेळा फोन येतो तेव्हा विसार, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, घेऊन झालेला असतो, मग मी सांगण्यासारखं फार काही उरत नाही.

सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यात बारा वर्षं मी पस्तीस-चाळीस माडग्याळी जातीच्या मेंढ्या सांभाळतोय. मोठा वाडा, म्हणजे कळप, घेऊन रानोमाळ फिरणाऱ्या धनगरांना माझ्या सल्ल्याची गरज नाही. त्यांच्या घरातलं म्हातारं माणूस पाठीवरून हात फिरवून वजन सांगतं. मी लिहितोय ते वीस ते पन्नास मेंढरं असणाऱ्यांसाठी, आणि त्यातही गेल्या काही वर्षांत व्हिडिओ बघून या धंद्यात उतरलेल्या तरुणांसाठी.

सरसकट भाव, वेचून माल

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून आधी तीच सांगतो.

२०१८ चा जून. विकण्याजोगी अठ्ठावीस कोकरं होती. व्यापारी दिवेलागणीला आला. म्हणाला, "वीस द्या, नगाला सात हजार, सरसकट. लहान-मोठं बघत नाही." एक लाख चाळीस हजारांचा आकडा ऐकून मी होकार दिला. त्यानं बॅटरी लावली आणि कळपात शिरला. पाठीवर हात दाबत, एकेक पाय धरून ओढत त्यानं वीस नग बाहेर काढले. सगळ्यात लांब, सगळ्यात भरलेले. त्यात तीन माद्या होत्या, जुळं देणाऱ्या मेंढीच्या पोटच्या. मी अडवलं, तर म्हणाला, "पावणं, बोली वीसची झालीय." पाचशे-पाचशेच्या दहा नोटा विसार म्हणून माझ्या खिशात होत्या. मी गप्प बसलो.

मागं आठ बारकी राहिली. ती मी शनिवारी आटपाडीच्या बाजारात नेली. चांगल्या जोडीदारांशिवाय उभी केलेली बारकी कोकरं आणखीच बारकी दिसतात. चार हजारांच्या वर कुणी गेलं नाही. आता हिशोब बघा. वीस नगांचे १,४०,००० आणि आठ नगांचे ३२,०००, मिळून १,७२,०००. अठ्ठावीसनं भागा, नगाला ६,१४३ रुपये पडले. मी सात हजारांना विकली असं गावभर सांगत होतो, प्रत्यक्षात सहा हजारांच्या थोडं वर विकली होती. आणि त्या तीन माद्यांची भरपाई कशानंच झाली नाही. जुळं देणारी मेंढी आमच्या भागात सहज मिळत नाही.

सरसकट भावाला विरोध नाही. सरसकट म्हणजे मोठ्या-बारक्यासकट सगळा लॉट, अठ्ठावीसच्या अठ्ठावीस. वेचून न्यायचं असेल तर वेचणीचा भाव वेगळा. दोन्ही एकदम कुणालाही द्यायचं नाही.

तेव्हापासून माझी रीत अशी आहे. व्यापाऱ्याला बोलावण्याच्या आदल्या दिवशी मी आणि बायको कळपात जातो. विकायच्या प्रत्येक मेंढराच्या कपाळावर गेरूचा ठिपका देतो. ठेवायच्या माद्या आणि पैदाशीचा मेंढा पहाटेच घरामागच्या कुडात कोंडतो, व्यापाऱ्याच्या नजरेला पडूच देत नाही. दिसलं की मागितलं जातं, आणि मागितलं की गरजू माणूस देतो. दुसरं, दिवे लागल्यावर सौदा नाही. कितीही लांबून आलेला असो, "सकाळी या" म्हणतो. दोन-तीन व्यापारी यामुळे तुटले. त्यांचं वाईट वाटत नाही.

नजरेनं वजन

नव्या माणसाचा अंदाज जवळजवळ नेहमी कमी येतो, कारण तो रोज तीच कोकरं बघतो आणि त्यांची वाढ त्याच्या डोळ्यांत भरत नाही. व्यापाऱ्याचा अंदाज किलोभरापेक्षा जास्त चुकत नाही, पण तो तोंडानं सांगतो तो आकडा वेगळा असतो. "अठराच्या वर भरणार नाही" असं ज्याच्याबद्दल मला सांगितलं होतं, ते कोकरू मी विकत आणलेल्या टांगत्या काट्यावर पहिल्यांदा झोळीत घालून लटकवलं तेव्हा सव्वीस किलो भरलं. आठ किलोंचा फरक. त्या दिवशी काट्याची किंमत वसूल झाली.

काटा नसेल तर टेप तरी घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर इंचात मोजा. खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. उत्तर किलोत येतं. घेर २६ आणि लांबी २५ असेल तर साडेपंचवीसच्या आसपास. लोकर वाढलेली असेल तर टेप दाबून धरा, नाहीतर लोकरीचंच माप येईल. हा अंदाजच आहे, पण "अठरा"ला उत्तर द्यायला पुरतो.

वजन कधी करता हेही महत्त्वाचं. चरून, पाणी पिऊन आलेलं कोकरू आणि रात्रभर कोंडलेलं कोकरू यांत दीड-दोन किलोंचा फरक सहज पडतो. व्यापारी सकाळी लवकर येतो म्हणून सांगतो आणि दुपारी बाराला उगवतो. तोपर्यंत तुम्ही त्याच्या वाटेकडे डोळे लावून मेंढरं चरायला सोडलेली नसतात. उपाशी पोटी वजन करायला माझी हरकत नाही. मात्र तो भाव उपाशी पोटाचा आहे, हे आधी बोलून घेतो.

भाव काढायची माझी पद्धत साधी आहे. आमच्या बाजारपेठेत मटण काय भावानं जातं ते विचारायचं आणि त्याच्या चाळीस टक्के जिवंत वजनाला मागायचे. मटण ७०० असेल तर किलोला २८०. सव्वीस किलोंचं कोकरू ७,२८० ला. ते कापल्यावर बारा किलोंच्या आसपास मटण पडतं, शिवाय मुंडी, पाय, वझडी, कातडं. त्यात व्यापाऱ्याची गाडी आणि खाटकाची मेहनत निघते, माझीही निघते. याच्या फार खाली मागणाऱ्याशी मी घासाघीस करत नाही, पाणी पाजून वाटेला लावतो.

पंधरा दिवसांत वजन वाढवणारे

विक्रीच्या तोंडावर वजन फुगवायच्या युक्त्यांची मला खरंच चीड आहे. बाजाराच्या आदल्या रात्री मीठ चारून पोटभर पाणी पाजायचं, म्हणजे कोकरू भरलेलं दिसतं. अशी पोटं व्यापाऱ्यानं हजार बघितलेली असतात. तो पोटाकडे बघतच नाही, कंबरेवरच्या कण्यावर बोटं दाबतो. कण्याची टोकं बोटांना टोचली की मांस नाही, मग पोट कितीही फुगवा. वर तुमच्या बाकीच्या चांगल्या नगांवरचाही त्याचा विश्वास उडतो.

याहून वाईट म्हणजे ईदच्या तोंडावर एकदम मका चारणं. मेंढराच्या पोटाला धान्याची सवय हळूहळू लावावी लागते. एकदम जास्त पडलं की पोटात आम्ल वाढतं किंवा आंत्रविषार, म्हणजे आतड्यात विष तयार होण्याचा रोग, होतो, आणि आंत्रविषारात सगळ्यात तेजीचं, सगळ्यात खादाड कोकरू आधी जातं. आमच्या शेजारच्या वस्तीवर एका सकाळी तीन नग मेलेले सापडले, तिन्ही विकायला काढलेले. खुराक द्यायचाच असेल तर दोन-अडीच महिने आधी मूठभरापासून सुरू करा, आणि आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी टोचून घ्या. घाई असेल तर खुराक देऊच नका.

ईद आणि आखाड

बकरी ईद दर वर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे येते. २०२३ मध्ये ती २९ जूनला होती, २०२५ मध्ये ७ जूनला. दिवाळीच्या सुमारास जन्मलेलं कोकरू २०२३ च्या ईदला जितकं मोठं होतं, तितकं आता होत नाही, आणि दर वर्षी ते आणखी लहान असणार. हा हिशोब न करता लोक अजून "ईदला काढू" म्हणत बसतात. कुर्बानीला अधू जनावर चालत नाही. लंगडं, डोळा गेलेलं, शिंग मुळापासून तुटलेलं, कान बराचसा फाटलेला, असं जनावर घेणारा परत करतो. खुणेसाठी कान कातरायची सवय असेल तर नरांचे कान सोडा.

ईद हुकली तर आखाडात विका. श्रावण लागला की मागणी बसते, आणि त्या महिन्यात मेंढरं घेऊन बाजारात उभा असलेला माणूस अडलेला आहे हे सगळ्यांना कळतं.

बाकीच्या चुका

गाभण मेंढी खाटकाच्या भावात देऊ नका. पाच महिन्यांच्या गाभणपणातले चार महिने झाले असतील तर तुम्ही दोन जीव एकाच्या किमतीत देताय. मेंढीवर नर फिरवल्याची, म्हणजे फळवल्याची, तारीख लिहिलेली असेल तर ही चूक होत नाही.

कास सुजून एक आचळ बंद पडलेली, दात पडलेली, दोन वेतं रिकामी गेलेली, अशी मेंढी जरूर काढा, पण पाळणाऱ्याला विकू नका. तो तुमच्यावर भरवसा ठेवून घेतो.

जंताचं औषध पाजून लगेच मांसासाठी विकू नका. किती दिवस थांबायचं ते बाटलीवर लिहिलेलं असतं, तेवढे दिवस थांबा.

२०२० मध्ये आटपाडीच्या बाजारात एका माडग्याळी मेंढ्याला सत्तर लाखांची मागणी आल्याची बातमी सगळीकडे झाली. तेव्हापासून पोपटासारखं नाक असलेल्या प्रत्येक नराला लोक पैदाशीचा भाव सांगतात आणि दोन वर्षं नुसता खुराक घालत बसतात. तसा मेंढा लाखात एखादा. तुमच्या नराचे आई-बाप कोण हे तुम्हाला वहीतून दाखवता येत नसेल, तर त्याला वजनाचाच भाव आहे.

आणि उधारी. "निम्मे आता, निम्मे पुढल्या बाजारी" हे मी एकदाच ऐकलं. पुढल्या बाजारी तो माणूस आला नाही, त्याच्या पुढल्याही नाही. एकवीस हजार गेले. आता टेम्पोचं फाळकं लावायच्या आधी सगळी रक्कम मोजून घेतो, फोनवर पाठवली असेल तर बँकेचा संदेश आल्याशिवाय मेंढरं चढवू देत नाही. वहीत नगांची संख्या, वजन, भाव, रक्कम लिहितो आणि त्याची सही घेतो. सही करायला कुरकुर करणारा एक जण भेटला होता. त्याच्या टेम्पोतली सोळाही कोकरं मी खाली उतरवून घेतली.