जुनी स्पोर्ट्स कार घेताना : आधी कागद, मग पत्रा, शेवटी इंजिन

छंद म्हणून जुनी स्पोर्ट्स कार घ्यायला निघालेला माणूस गाडीपुढे उभा राहिला, की पहिल्यांदा बोनट उघडतो आणि सेल्फ मारून इंजिनाचा आवाज ऐकतो. कोल्हापूरकराने हा क्रम उलटा ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या गावात यंत्रांच्या कामात नावाजलेल्या म्हादबा मेस्त्रींचे नाव आजही आदराने घेतले जाते, जिथे उद्यमनगरात लेथ आणि सिलिंडर-बोअरिंगची कामे हाकेच्या अंतरावर होतात आणि शिरोली व गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत बीडाचे ओतकाम रोज चालते, तिथे झिजलेले इंजिन हा फक्त खर्चाचा प्रश्न असतो. गंजलेला सांगाडा त्याहून कितीतरी महाग पडतो, आणि कागदपत्रांतली खोट तर कोणत्याच मेस्त्रीला काढता येत नाही.

म्हणून प्रथम आरसी बुक मागावे. चॅसिसवर ठोकलेल्या क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलीने छाप घ्यावी आणि ती आरसीतील क्रमांकाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावी. पत्रा घासून क्रमांक पुन्हा ठोकल्याची शंका आली, तर तिथेच थांबावे. गाडी दुसऱ्या आरटीओकडील असेल तर फॉर्म २८ वरील ना हरकत प्रमाणपत्र आणि हस्तांतरणासाठी फॉर्म २९ व ३० लागतात. जुन्या गाड्या बहुधा वाड्यातल्या, वाटणीत अडकलेल्या असतात. मूळ मालक हयात नसेल, तर सर्व वारसांची संमती हाती आल्याशिवाय इसारसुद्धा देऊ नये.

२०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या खासगी गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे आणि नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये आहे. मात्र चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही, त्यामुळे पेट्रोल परवडत नाही म्हणून कोणे एके काळी डिझेल इंजिन बसवलेली गाडी येथे बाद होते. शिवाय अशी गाडी प्रदर्शन, रॅली, देखभाल, इंधन भरणे एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. दर रविवारी सहकुटुंब पन्हाळ्याला जायचे असेल, तर सामान्य नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून घेणेच श्रेयस्कर.

शाही दसऱ्याला दसरा चौकात येणारी छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार पाहत वाढलेल्यांना जुन्या गाडीचा डौल ठाऊक असतो. स्पोर्ट्स कारची तपासणी मात्र वेगळी. ब्रिटिश बनावटीच्या एमजी बीसारख्या गाडीला स्वतंत्र चॅसिस नसते, दाराखालच्या पत्र्याच्या पोकळ पट्ट्या, म्हणजे सिल, तिचा भार पेलतात. दार उघडून त्याची मागची कड आणि खांब यांतील फट नीट पाहावी, मग सिलखाली जॅक लावून गाडी किंचित उचलावी आणि फट पुन्हा पाहावी. ती वरच्या टोकाला अरुंद झाली किंवा दार मिटताना अडू लागले, तर रंग कितीही चकचकीत असो, आतला पत्रा संपला आहे असे समजावे. मऊ फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक सिल, चाकांच्या कमानी आणि डिक्कीच्या कडेने फिरवावे. जिथे ते पकडत नाही, तिथे पुट्टी भरलेली असते. त्याउलट एमजी टीडीला भक्कम स्वतंत्र चॅसिस असते, पण पत्र्याच्या आत लाकडी सांगाडा असतो आणि आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात तो बिजागऱ्यांपाशी कुजतो. दार वर उचलून पाहिल्यास ते हलते. गाडी शाहूपुरी किंवा नदीकाठच्या भागात ठेवलेली असेल, तर २०१९ आणि २०२१ च्या महापुराची चौकशी करावी. गालिचे बदलता येतात, पण हेडलाइटच्या वाटीत आणि सीटच्या रुळांत बसलेला गाळ कोणी काढत नाही.

हाताशी बेताचे पैसे असतील, तर गोव्यात तयार झालेली सॅन स्टॉर्मही पाहावी. तिची बॉडी फायबरची असल्याने गंजाची भीती खालच्या सांगाड्यापुरतीच राहते.

इंजिनाकडे आता वळावे. ते थंड असतानाच आपल्यासमोर सुरू करायला सांगावे. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाब, मोजताना आकडा मोठा असण्यापेक्षा चारही सिलिंडरांचे आकडे जवळ असणे महत्त्वाचे. दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल, तर बोअरिंगचा खर्च किमतीतून वजा करावा. १९६७ पर्यंतच्या एमजी बीमध्ये बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेले असते, हे ठाऊक नसलेला इलेक्ट्रिशियन सवयीने उलटी जोडणी करून डायनॅमोचे नुकसान करतो. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते (त्यातले काही आपल्याच साखर कारखान्यांचे!) आणि ते जुने रबरी पाइप व कार्ब्युरेटरचे सील खाते, तेव्हा ते बदलण्याची तजवीज पहिल्या दिवसापासून ठेवावी. नंतर गाडी वाघबीळमार्गे पन्हाळ्याच्या चढाला न्यावी: चढताना तापमानाचा काटा, उतरताना ब्रेक एका बाजूला ओढतात का, एवढे पाहिले तरी पुरे.

सुटे भाग मिळत नाहीत या भीतीने घाई करू नये. परंतु काढलेला मूळ भाग, मोडका असला तरी, मालकाकडून मागून घ्यावा, कारण फाउंड्रीत तसाच भाग ओतून घेण्यासाठी पॅटर्न, म्हणजे नमुना, करायला तोच लागतो. विमा उतरवताना एक लक्षात ठेवावे, की पाच वर्षांहून जुन्या गाडीचे मूल्य विमा कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. त्यासाठी दुरुस्तीची बिले आणि चारी बाजूंची छायाचित्रे आधीच जमवावीत, आणि विक्रेत्याची उरलेली रक्कम आरसीवर आपले नाव लागल्यावरच चुकती करावी.