पी-चा आकडा बदलण्याआधी हालस्कोप उघडा

अंबडच्या शेडमध्ये मी जुनी मिलिंग मशिनं लिनक्स-सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवरून मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चढवतो. आयटीआय करून आलेली मुलं हाताखाली असतात. 'जॉइंट ० फॉलोइंग एरर', म्हणजे पहिला अक्ष मागितलेल्या जागेपासून फार दूर राहिला, असा संदेश देऊन मशीन बंद पडलं की त्यांचा हात आधी पीआयडीतल्या पी-कडे जातो. पीआयडी म्हणजे चूक बघून मोटरला हुकूम देणारं गणित, आणि पी म्हणजे चुकीला किती जोराने उत्तर द्यायचं तो आकडा. थोडा वाढव, थोडा कमी कर. मी त्यांना तिथेच थांबवतो. सिग्नल डोळ्यांनी बघितल्याशिवाय एकही आकडा बदलायचा नाही, आणि बघायचं साधन, हालस्कोप, सॉफ्टवेअरबरोबर फुकट आलेलं आहे. ऑसिलोस्कोपसारखा तो सॉफ्टवेअरमधल्या सिग्नलांचा आलेख काढतो.

लिनक्स-सीएनसीच्या 'ॲक्सिस' नावाच्या स्क्रीनवर मशीन मेनूतून हालस्कोप उघडा. पहिल्यांदा तो थ्रेड, म्हणजे ठरावीक वेळाने पुन्हा पुन्हा चालणारं काम, विचारेल. सर्वो-थ्रेड निवडा, तो बहुतेक मशिनांवर १ मिलिसेकंदाचा असतो. एकूण १६,००० नमुने चॅनेलांत वाटले जातात. चार चॅनेल घेतले तर प्रत्येकाला ४,०००, म्हणजे ४ सेकंदांचं रेकॉर्ड. एक फेरी बघायला तेवढं पुरतं. जास्त वेळ हवा असेल तर मल्टिप्लायर (किती फेऱ्यांनी एक नमुना घ्यायचा तो आकडा) वाढवा, पण मग नमुने विरळ होतात.

आता चॅनेलची बटणं दाबून पिना, म्हणजे सॉफ्टवेअरमधले सिग्नल, जोडा. मी नेहमी हे चार घेतो: जॉइंट.०.व्हेल-सीएमडी म्हणजे मागितलेला वेग, जॉइंट.०.एफ-एरर म्हणजे मागितलेली जागा आणि एन्कोडरने (जागा मोजणाऱ्या सेन्सरने) सांगितलेली जागा यांतला फरक, पीआयडीचं आउटपुट, आणि जॉइंट.०.एफ-एरर्ड म्हणजे तो फरक मर्यादेबाहेर गेल्याची खूण. जुन्या आवृत्तीत ही नावं 'ॲक्सिस'ने सुरू होतात. एफ-एररचा गेन (आलेखाची उभी मोजपट्टी) लावताना '५एम' दिसलं तर ते ५ मिलिमीटर समजू नका. मशीन मिलिमीटरमध्ये असेल तर तो एका चौकटीला ०.००५ मिमी आहे.

रेकॉर्ड कोणत्या क्षणी पकडायचं ते ट्रिगर ठरवतो. ट्रिगरचा सोर्स एफ-एरर्ड, लेव्हल शून्य आणि एकच्या मध्ये, कड चढती, मोड सिंगल. सगळ्यात महत्त्वाचा आहे ट्रिगरचा पोझिशन स्लायडर. तो जवळजवळ तळाला ओढा. तळाला ट्रिगरचा क्षण रेकॉर्डच्या शेवटी येतो, म्हणून मशीन बंद पडण्याआधी काय घडलं ते दिसतं. नंतरचं बघून काही हाती लागत नाही.

टेबल मोकळं करा, टूल काढा, एक माणूस इमर्जन्सी बटणापाशी उभा करा. मग एक्स अक्ष १०० मिमी पुढे-मागे फिरवणारा छोटा प्रोग्राम चालवा, आधी सावकाश, मग ज्या फीडला (सरकण्याच्या वेगाला) बिघाड येतो त्या फीडला.

ट्रेस वाचायला घाई नको. एफ-एररचा आकार वेगाच्या आकारासारखाच दिसत असेल, म्हणजे स्थिर वेगात तो सपाट पण शून्यापासून दूर असेल, तर पीआयडीतला एफएफ१, म्हणजे वेगाच्या प्रमाणात आधीच दिलेला जोर, कमी आहे. पी वाढवून ती चूक लहान होईल, पण दुखणं मुळातून जाणार नाही. फक्त वेग घेताना आणि सोडताना उंचवटे येत असतील तर एफएफ२, म्हणजे ॲक्सिलरेशनच्या प्रमाणातला तसाच जोर, बघा. दिशा बदलताना टोक उठत असेल तर मी कीबोर्ड सोडून गिब (स्लाइडची ढिलाई काढणारी पट्टी) आणि ल्युब्रिकेशनकडे जातो. तेल पोचत नसलेल्या स्लाइडला ट्यूनिंगने बरं करता येत नाही. आउटपुट वर जाऊन सपाट कापलं गेलं असेल तर ड्राइव्हला देता येईल तेवढं देऊन झालं आहे. वेग किंवा ॲक्सिलरेशनची मर्यादाच खाली आणा. आणि अक्ष उभा असतानाही रेघ थरथरत असेल, तरच पी कमी करून बघा.

हालस्कोप काय बघू शकत नाही तेही पक्कं लक्षात ठेवा. एन्कोडर मोटरवर असेल तर बॉलस्क्रूचा बॅकलॅश (दिशा बदलतानाची ढिलाई) एफ-एररमध्ये दिसत नाही, त्याला डायल गेजच लागतो. एन्कोडर नसलेल्या स्टेपरवर (पल्सगणिक एक पाऊल फिरणाऱ्या मोटरवर) फीडबॅक सॉफ्टवेअरनेच मोजलेल्या पल्सचा असतो, त्यामुळे स्टेप सुटल्या तरी ट्रेस अगदी स्वच्छ दिसेल.

होम स्विचचंही, म्हणजे अक्षाची सुरुवातीची जागा सांगणाऱ्या स्विचचंही, तसंच. शेजारच्या गाळ्यात वेल्डिंग सुरू झालं की इनपुट फडफडतं का, हे बघायला त्या पिनवर ट्रिगर लावा. पण दोन नमुन्यांमधल्या मिलिसेकंदात येऊन गेलेला झटका सर्वो-थ्रेडवर निसटतो. पॅरलल पोर्टवर बेस-थ्रेड (सर्वो-थ्रेडपेक्षा खूप वेगवान थ्रेड) असेल तर तो निवडा. २५ मायक्रोसेकंदाला एका चॅनेलवर ०.४ सेकंद मिळतात. तारेवरचा खरा व्होल्टेज मात्र टेबलावरच्या ऑसिलोस्कोपवरच बघावा लागतो, कारण हालस्कोपला फक्त कार्डाने वाचलेलं शून्य किंवा एक कळतं.

मशीन नीट चालू लागलं की त्याच प्रोग्रामचा एक ट्रेस फाइल मेनूतून लॉग म्हणून सेव्ह करा, चॅनेलांची मांडणीही वेगळी सेव्ह करा, आणि फाइलला मशीनचं नाव व तारीख द्या. पुढच्या वेळी तक्रार आली की ताजा ट्रेस घेऊन आधी त्याच्याशी ताडून बघता येतो.