दुडकी पुढे, कॅंटर मागे : माझा अनुभव

माझ्या घोडीची दुडकी चाल 'शोल्डर-इन'पर्यंत (खांदे किंचित आत घेऊन पुढे जाण्याच्या व्यायामापर्यंत) सफाईदार झाली होती. कॅंटरमध्ये, म्हणजे दुडकीहून वेगवान अशा तीन ठोक्यांच्या चालीत मात्र, विशेषतः उजवीकडे वळत जाताना, ती पाठ ताठ करून लगामावर भार टाकी आणि टापांचे तीन ठोके फुटून चार ऐकू येत. कॅंटरमध्ये मागचा एक पाय आणि विरुद्ध बाजूचा पुढचा पाय एकाच क्षणी टेकतो. मागच्या पायांतला जोर कमी पडला की ही जोडी फुटते, त्यामुळे वेग आवरायला नुसता लगाम ओढला तर दोष वाढतोच. म्हणून मी २० मीटरच्या वर्तुळावर दुडकीतून कॅंटर आणि पुन्हा दुडकी असा बदल वारंवार घेऊ लागलो : कॅंटर थोडाच, पण पाठ सैल असताना सुरू केलेला आणि बिघडण्याआधी थांबवलेला. मैदानाच्या लांब बाजूवर तिचे खांदे किंचित आत घेतल्याने मागचा भाग आत सरकणे थांबले. ठोके पुन्हा तीन झाल्यावरच मी साध्या चालीतून (संथ चालण्यातून) थेट कॅंटर मागू लागलो, आणि माझ्या मते खरी ताकद त्यातूनच आली. साधी चाल मात्र या काळात मुद्दाम सैल लगामावरच ठेवली, कारण ती अकाली आवळली तर तिचे चार समान ठोके बिघडतात आणि ते परत मिळवणे फार अवघड जाते.